चारशे बारा आणि चारशे बारा

५ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहू की नको यात दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं 'धाकटे' लिहिलंय. तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. लिहायची वेळ तू आणली आहेस.

काल ऑफिसात माझ्या नावाचं पाकीट आलं. तू जिथे अर्ज केला आहेस त्या संस्थेचं. आत एक फॉर्म, आणि फॉर्मात खरा प्रश्न एकच: 'अर्जदाराने केलेल्या विवरमोजणीवर विश्वास ठेवता येईल का? कारणासह लिहावे.' उत्तर महिनाअखेरपर्यंत पाठवायचं आहे. माझ्या उत्तरावर तुझी निवड अडलीये असंही सभ्य शब्दांत लिहिलंय, कारण तुझ्या कामाची खात्री देणारी व्यक्ती म्हणून तू एकच नाव दिलंस. माझं.

का गं? जगातली माणसं संपली होती? आपले प्रमुख हं-हं साहेब होते, तुझ्या नवऱ्याच्या ओळखीचे छप्पन्न लोक आहेत. जिच्या एका वाक्यामुळे तुला नोकरी सोडावी लागली, तिचंच नाव? मला काही कळत नाही असं समजू नकोस. कुठेतरी पाणी मुरतंय. मी 'नाही' लिहिलं की 'बघा, सख्खी बहीण कशी आहे' म्हणायला तू मोकळी. 'हो' लिहिलं की 'मग त्या दिवशी साहेबांसमोर वेगळं का बोललीस' म्हणायला मोकळी. दोन्हीकडून कचाट्यात मीच.

आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती म्हणाली, "मला मेलीला कोण काय सांगतंय!" ज्या सुरात म्हणाली त्यावरून तिला सगळं माहीत आहे. रविवारी मी आंघोळीला गेले की ती तुला फोन लावते. मी नळ बंद केला की तिचा आवाजही बंद होतो. परवा मी मुद्दाम नळ चालू ठेवून दाराला कान लावला, तर बाईसाहेब 'डोळे' आणि 'अजून नाही' एवढंच बोलत होत्या. काय अजून नाही? तुमचं काय शिजतंय?

वर मलाच विचारते, "तुम्ही दोघी तिथे इतकी वर्षं नक्की करायचात तरी काय?" तिला सांगितलं, चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, आदळलेल्या दगडाचा खड्डा बुजवायला कुणी येत नाही. जमीन जितकी जुनी तितके खड्डे जास्त. आम्ही फोटोवरचे खड्डे मोजतो, त्यावरून तिचं वय निघतं. तर म्हणाली, "म्हणजे मार किती खाल्ला त्यावरून वय ठरवता." तीस वर्षांत हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

असो. तुला सोयीस्कर विसर पडला असेल म्हणून त्या दिवसाची आठवण करून देते. आपला नियम काय होता? फोटोचं एकच पान दोघींनी वेगवेगळं मोजायचं. पाचशे मीटरच्या वरचा प्रत्येक खड्डा, ट्रेसिंगच्या कागदावर एक वर्तुळ. मोजणी चालू असेपर्यंत कागद ड्रॉवरमध्ये कुलपात, मग पाकिटात बंद करून साहेबांकडे. साहेब पाकिटं उघडेपर्यंत एकमेकींचं बघायचं नाही, बोलायचं नाही. दोन माणसांच्या नजरेत फरक पडतोच, शंभरात पाच-सात इकडेतिकडे होणारच. फरक पडला नाही तरच संशय घ्यायचा. आणि सतराव्या पानाला तुझे चारशे बारा, माझे चारशे बारा. साहेबांनी दोन्ही कागद प्रकाशाच्या टेबलावर एकावर एक ठेवले, तर वर्तुळावर वर्तुळ. ते म्हणाले, "हं. कोणी कोणाचं पाहिलं?"

आणि तू? मूग गिळून उभी. एक शब्द नाही. निर्दोष माणूस असा उभा राहतो का, तूच सांग.

तुझा डाव काय आहे ते आधी कळव. मग फॉर्मचं बघते.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. आईला तेवढं उत्तर मिळालेलं दिसतंय, कारण कालपासून ती माझ्याशी फार गोड बोलतेय. ती गोड बोलली की माझ्या मनात पाल चुकचुकते.

अक्षर वाकडं दिसलं तर उगाच अर्थ काढत बसू नकोस, पेन नवीन आहे. वरच्या ओळीवर जो डाग पडलाय तो रडण्याचा नाही, तोही अर्थ काढू नकोस. आई मध्येच येऊन डोळ्यांत थेंब घालून गेली. कसले थेंब ते विचारायचं नाही.

मी त्या दिवशी जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे तू पुढे कुणाला काही भलतं सांगायला नको. साहेबांनी विचारल्यावर मी म्हणाले, "माझा ड्रॉवर आज सकाळी उघडा होता." बस. तुझं नाव घेतलं नाही. ड्रॉवर खरंच उघडा होता. यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव. साहेबांनी त्यावरून काय समजायचं ते समजले, तू दुसऱ्या दिवशी राजीनामा ठेवलास, यात मी कुठे आले?

आणि आपल्या ड्रॉवरची कुलपं म्हणजे नावालाच. एकाची किल्ली सगळ्यांना लागते हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं? तुला होतंच. मलाही होतं, पण मी माझी गोष्ट करत नाहीये.

मला वाटतं तुझ्याकडे काहीतरी आहे. पुरावा म्हण, कागद म्हण. नाहीतर इतक्या निर्धास्तपणे माझं नाव दिलं नसतंस. नव्या संस्थेत बसून सावकाश बॉम्ब फोडायचा बेत असेल. म्हणून मी ठरवलंय, सतरावं पान कपाटातून बाहेर काढायचं. ते साहेबांनी तेव्हा बंद केलं ते केलं, मोजणी नव्याने बाहेर करून घेतली, त्या कागदांकडे परत कुणी बघितलं नाही. तुझ्याकडे काय आहे ते मला आधी कळलं पाहिजे.

गप्प बसून माणसाला छळता येतं हे तू कुणाकडून शिकलीस कोण जाणे. माझ्याकडून तर नाहीच.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

आज खरं एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा डिसेंबरात काढला, उजवा जानेवारीत. ऑफिसात 'घरचं काम आहे' म्हणून रजा टाकली. आईने तुला सांगितलं असणारच, तिच्या पोटात काय राहतं? तर आता मला दिसतं. इतकं दिसतं की लाज वाटते. आपल्या खोलीच्या भिंती मी पिवळ्या समजत होते, त्या पांढऱ्या आहेत. हं-हं साहेबांच्या कानांवर केस आहेत.

साहेबांना म्हणाले, जुनी पानं नीट लावून ठेवायची आहेत. "हं," म्हणाले आणि किल्ली दिली. सतराव्या पानाचा फोटो टेबलावर पसरला, वर तुझा कागद ठेवला. भिंग घेतलं आणि डावीकडून वर्तुळामागून वर्तुळ बघत गेले. काम स्वच्छ आहे तुझं, नाही म्हणणार नाही. ढासळलेल्या कडांचे खड्डेसुद्धा अचूक पकडलेत. मोठ्या आदळण्यातून उडालेल्या ढेकळांनी पडलेल्या खड्ड्यांच्या रांगा असतात ना, त्या मोजायच्या नसतात हे मी तुला शिकवताना घसा कोरडा केला होता. एकही रांग तू मोजली नाहीस.

आणि मग खालचा उजवा कोपरा. तिथे तुझी सात वर्तुळं आहेत. बारीक, सुबक, अगदी तुझ्या हातची. त्यांच्या आत काही नाही.

काही नाही म्हणजे काहीच नाही. खड्डा नाही, खड्ड्याची कड नाही, सावलीचा ठिपका नाही. सपाट जमीन.

मला वाटलं ऊन डोक्यावर असतानाचा फोटो असेल, त्यात उथळ खड्डे पुसले जातात. म्हणून त्याच जागेचा तिरप्या उन्हातला फोटो शोधून काढला. त्यात उंदराने उकरलं असतं तरी दिसलं असतं. सपाट. मग फोटो उलटा धरून बघितला. उजेड खालून आला की डोळा फसतो, खड्ड्याचा उंचवटा होतो, म्हटलं तसं काही असेल. सपाट. शेवटी भिंगच खराब म्हणून दुसरं आणलं. तरी सपाट.

तुझी नजर मला माहीत आहे. मीच तयार केली आहे ती. तुझ्याकडून एखादा खड्डा सुटेल, पण नसलेला खड्डा तुला दिसणार नाही, तोही एका ठिकाणी सात वेळा.

माझ्या कागदावरही ती सात आहेत. त्याच जागी. दोन बायकांना एकाच कोपऱ्यात एकच भास होईल का? कुणीतरी फोटो बदललाय. नक्कीच बदललाय. कपाटाची किल्ली कुणाकडे असते? साहेबांकडे. मला आता त्या माणसाचाही भरवसा वाटेनासा झालाय.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकटे,

फोटो कुणी बदललेला नाही. मागे शिक्का तोच आहे, आणि कोपऱ्यात माझ्याच हाताने टाकलेली तारीख आहे. कालच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद लिहितानाही मला हे माहीत होतं. तरी लिहिला. सवय लागलीये.

तुझा ड्रॉवर मी उघडत होते.

बघ, लिहिलं. हात तुटला नाही.

तेराव्या पानापासून. तेव्हा मोठे खड्डे दिसायचे, बारीक सगळे धुरकटून जायचे, एकाचे दोन व्हायचे. डॉक्टरांकडे गेले असते तर काम थांबलं असतं, आणि 'ताईंचे डोळे गेले' हे त्या खोलीत माझ्याबद्दल बोललं गेलेलं मला चाललं नसतं. अख्ख्या खोलीला मोजायला शिकवलं मी! जेवणाच्या सुट्टीत तू डबा घेऊन खाली जायचीस, "ताई, चल ना" म्हणायचीस, मी म्हणायचे भूक नाही. तू जिन्यात पोचलीस की माझी किल्ली तुझ्या कुलपात. तुझा कागद खाली, माझा वर, आणि भराभर गिरवायचं. फरक दिसावा म्हणून काही वर्तुळं मुद्दाम गाळायची, काही पदरची घालायची. आकडे वेगळे यायचे, साहेब "हं" म्हणायचे, आणि मला रात्रीचं जेवण जायचं.

सतराव्या पानाच्या दिवशी डोळे इतके गेले होते की कुठलं गाळावं तेही कळेना. होतं तसं सगळं उतरवून घेतलं. गडबडीत तुझं कुलूप आठवणीने लावलं आणि माझंच रात्रभर उघडं राहिलं. म्हणून ड्रॉवर उघडा होता हे अगदी खरं. एक अक्षर खोटं नव्हतं. शी.

आता तुझ्यावर येते. पंधराव्या पानाची पाकिटं उघडली तेव्हा तू मला विचारलं होतंस, "ताई, हा एवढा ठसठशीत खड्डा कसा सोडलास?" मी म्हटलं, कड ढासळलीये, मला पटला नाही. तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. मला तेव्हा तो उद्धटपणा वाटला. तेव्हाच तुला कळलं ना? आणि सतराव्या पानावर तू सापळा लावलास. सपाट जमिनीवर सात वर्तुळं काढून ड्रॉवरमध्ये ठेवलीस, आणि मी बावळटासारखी सातही गिरवली.

सापळा लावलास, उंदीर सापडला, मग साहेबांना तो दाखवला का नाहीस? फोटोवर नुसतं बोट ठेवायचं होतं, 'इथे खड्डे कुठे आहेत ते ताईला विचारा.' एका मिनिटात माझा निकाल लागला असता. त्याऐवजी स्वतःचा राजीनामा देऊन आलीस. असं कोण करतं? मला नाही पटत. यातही काहीतरी आहे. तीन वर्षं मी तुझ्यावर संशय घेत आलेय, धाकटे, आता एका दिवसात थांबता येत नाहीये.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकटे,

साहेबांना सांगितलं. फोटो आणि दोन्ही कागद समोर ठेवले आणि सातही वर्तुळांवर बोट ठेवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत होते. मी त्यांचं 'हं' ऐकायची वाट बघत होते, ते आलंच नाही. शेवटी म्हणाले, "बाई, त्या मुलीला मी खाली बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं हो." मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. तू गेल्यापासून नव्यांना शिकवायचं निमित्त करून मी मोजणी टाळतच होते, आजपासून मी मोजणीला बसायचंच नाही. तेरा ते सतरा, पाचही पानांच्या नोंदींत कारण लिहिलं जाणार आहे, माझ्या नावासकट. खोलीत सगळ्यांना कळलंय. मी आत आले की पेन्सिली खाली ठेवतात.

जायच्या आधी मी सतरावं पान एकदा स्वतः मोजलं, माझ्या डोळ्यांनी. तीनशे ब्याऐंशी आले. तुझे ती सात सोडून चारशे पाच. तेवीसचा फरक. इतका सुंदर आकडा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, घरी येऊन आईला दोनदा सांगितला. तिने मान डोलावली आणि विचारलं, "मग फॉर्म पाठवलास का?"

पाठवला. काय लिहिलं ते तुला कळायला हवं, म्हणून उतरवून देते: 'होय, ठेवता येईल. तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली ती माझ्या चोरीमुळे. तिचे कागद मी ड्रॉवर उघडून उतरवले आणि संशय तिच्यावर जाऊ दिला. मी तिची थोरली बहीण आहे, म्हणून माझा शब्द पुरेसा वाटत नसल्यास आमच्या प्रमुखांची सही खाली आहे.' साहेबांनी सही केली. शिक्काही मारला, तो मागितला नव्हता.

एवढं करूनही मला झोप नाही. तू का गप्प राहिलीस ते मला कळलेलं नाही. माझी कीव आली म्हणून? तसं असेल तर सांगूच नकोस.

ताई


७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. तुझी निवड झाल्याचं आई दाराशीच ओरडून सांगत होती, त्यामुळे पाकीट फोडायच्या आधीच कळलं होतं. पुढच्या सोमवारी रुजू होणार म्हणे. छान झालं. फार छान झालं.

बाकी तुझ्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्यात. माझं नाव का दिलंस तेही त्यात आहे: आईने डोळ्यांच्या ऑपरेशनचं कळवलं, आता ताई ते पान स्वतः बघेल असं तुला वाटलं. आणि पुढे हे बघ: 'ताई, ती वर्तुळं तुला पकडायला नव्हती काढली. तू माझा कागद बघतेस असं मला वाटायला लागलं होतं, आणि ते खोटं निघावं म्हणून काढली. तू स्वतः मोजत असतीस तर तुझ्या कागदावर ती आलीच नसती आणि पाकिटं उघडल्यावर तू सगळ्यांसमोर माझी सालटी काढली असतीस. मी सकाळपासून तुझ्या ओरडण्याची वाट बघत होते. साहेबांनी कागद एकावर एक ठेवले तेव्हा मला ती सात दिसली, आणि माझी वाचाच गेली.'

मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबले. ती म्हणाली, "पुढे?" मी म्हटलं, पुढे काही नाही.

मी तीन वर्षं तुझ्या गप्प राहण्यात डाव शोधला. सापळा शोधला, कीव शोधली. तू ताईच्या शिव्या खायला उभी होतीस, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मोतीबिंदू फक्त डोळ्यांतच होता असं डॉक्टर म्हणाले, त्यांना काय कळतंय!

तर ऐक. उशीर झालाय, पण ऐकून घे, आणि मध्ये बोलायचं नाही.

मूर्ख मुली! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सपाट जमिनीवर वर्तुळं काढतेस? एक नाही, दोन नाही, सात? हेच शिकवलं का मी तुला इतकी वर्षं? कुणी पाहिलं असतं म्हणजे? खड्डा दिसत नसेल तर हात वर करून विचारायला काय जिभेला फोड आले होते? आधी ती सातही पुसून टाक. नीट पूस, डाग राहता कामा नये. आणि पुन्हा पहिल्यापासून मोज. मी इथेच बसलेय, तुझं होईपर्यंत उठत नाही.

ताई